जुन्या जीपगाडीची राखण



ज्या घरी बैलजोडी आहे, त्या घरातील जाणता माणूस रात्री निजण्यापूर्वी गोठ्याकडे एक फेरी मारल्यावाचून अंथरुणास पाठ लावीत नाही. दावे नीट बांधले आहे की नाही, वैरण टाकली आहे की नाही, दार ओढले आहे की नाही, हे तो पाहून येतो. ही सवय त्यास कोणी पुस्तकातून शिकविलेली नाही. ती वाडवडिलांकडून चालत आलेली आहे. परंतु त्याच घराच्या अंगणात एखादी जुनी जीपगाडी उभी असेल, तर तिची स्थिती काय असते? किल्ली गाडीतच लटकत असते, किंवा ती हरवून दोन पावसाळे लोटलेले असतात आणि गाडी नुसत्या खटक्यावर सुरू होत असते. दारे कापडी असतात, अथवा मुळीच नसतात. बॅटरी उघडी, मागची स्टेपनी दोन नटांच्या आधाराने टांगलेली, टाकीचे झाकण चिंधीने बांधलेले. आणि गाडीचे कागद? ते ज्याच्याकडून गाडी विकत घेतली त्याच्या पेटीत!

बैलाची राखण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीन गोष्टींनी होत आली आहे. रात्री त्यास दावे असते. त्याच्या अंगावर सर्वांना ओळखता येईल अशी खूण असते. आणि तो विकला गेला तर बाजारात त्याचा दाखला होतो. दावे, खूण आणि दाखला या तीन गोष्टी बैलास आपण दिल्या, परंतु जीपगाडीस एकही दिली नाही. म्हणून ती चोरीस जाते आणि गेल्यावर सहसा परत येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते येथे कारणांसह मांडावयाचे आहे.

जुनी गाडी आणि आपला जिल्हा

जीपगाडी ही मूळची युद्धातील गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ती लक्षावधी संख्येने तयार केली. पुढे महिंद्रा कंपनीने मुंबईत तिची जोडणी सुरू केली आणि नंतरची कित्येक दशके त्याच धाटणीच्या निरनिराळ्या जीपा आपल्या देशात बनविल्या. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, तेव्हा विकास गटाच्या कामासाठी हीच गाडी खेड्याच्या वाटेस लागली. ज्या गावास पक्का रस्ता नव्हता तेथे नवे बियाणे, खतांची माहिती आणि सरकारी कार्यकर्ता हे पुष्कळदा जीपमधूनच पोहोचले. पुढे सरकारी कामातून निवृत्त झालेल्या आणि खाजगी वापरातील जीपा हातोहात फिरत शेतकऱ्यांच्या दारी आल्या.

वाशिम जिल्ह्यात अशा गाड्यांचा उपयोग का होतो, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत काळ्या जमिनीचा मोठा विस्तार आहे. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर पाणंद रस्त्याने दोन चाकांच्या बळावर चालणारी गाडी रुतते; चार चाकांच्या बळाची जीप धुऱ्यापर्यंत जाऊन परत येते. पेरणीत बियाणे व खताची पोती, हंगामात मजूर, पुढे बाजारात नेण्याचा माल, आणि अडीअडचणीस आजारी माणूस, हे सर्व तिच्यातून जाते. तिची दुरुस्ती गावचा मिस्त्री करू शकतो. जो शेतकरी नवी गाडी घेऊ शकत नाही, त्यास ही जुनी गाडी म्हणजे दुसरी बैलजोडीच होय.

यास्तव तिची किंमत बाजारभावाने मोजता येत नाही. जुन्या वाहनांच्या बाजारात तिचे जे काही मोल येईल तेवढेच नुकसान चोरीने होते, असे समजणे चूक आहे. ऐन पेरणीच्या आठवड्यात ती गेली तर दुसऱ्याची गाडी भाड्याने आणावी लागते, आणि त्या आठवड्यात सर्वांनाच गाडी हवी असते. पेरणी चार दिवस लांबली की वापसा निघून जातो. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात लिहिले जात नाही.

"जुनी गाडी कोण नेणार?"

हा प्रश्न बहुतेक मालक विचारतात, आणि त्यातच चोराचा लाभ आहे. जुनी गाडी नेण्यास कारणे पुष्कळ आहेत. तिचे इंजिन, गिअरपेटी, पुढचा व मागचा दांडा, चाके, बॅटरी या सर्वांना गिऱ्हाईक आहे, कारण अशा जुन्या गाड्यांचे काही सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. उरलेला सांगाडा भंगारात वजनावर जातो. शिवाय जुन्या जीपा हौसेने बाळगणारी मंडळी शहरांत वाढली आहेत आणि चांगल्या सांगाड्यास ती बरी किंमत देतात.

दुसरे कारण गाडीच्या रचनेत आहे. आजच्या नव्या मोटारींच्या किल्लीत एक सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक खूण असते. ती खूण पटल्याखेरीज इंजिन सुरूच होत नाही. जुन्या जीपमध्ये असे काही नाही. तिची किल्ली म्हणजे विजेचा एक साधा खटका. महायुद्धातील बहुसंख्य जीपांना तर किल्लीच नव्हती. रणांगणावर किल्ली शोधीत बसण्यास वेळ नसतो, म्हणून फिरविण्याचा एक साधा खटका तेवढा बसविलेला असे. परिणाम असा झाला, की सैनिकच एकमेकांच्या तुकड्यांच्या जीपा पळवू लागले! तेव्हा त्यांनी दोन उपाय काढले. एक, पेट्रोल इंजिनाच्या डिस्ट्रिब्यूटरमधील फिरता रोटर काढून खिशात ठेवणे. आणि दुसरा, गाडीस जोडलेली लोखंडी साखळी स्टिअरिंगच्या चाकात ओवून तीस कुलूप लावणे. हे दोन्ही उपाय साधे होते आणि आजही उपयोगी आहेत. ज्या गाडीला जन्मापासून कुलूप नाही, तिला ते आपणच दिले पाहिजे.

तिसरे कारण भूगोलाचे. आपल्या जिल्ह्यास अकोला, अमरावती, यवतमाळ, हिंगोली आणि बुलढाणा अशा पाच जिल्ह्यांच्या सीमा लागतात. अकोल्याहून वाशिममार्गे हिंगोली-नांदेडकडे जाणारा महामार्ग आणि कारंजा-मालेगाववरून जाणारा नागपूर-छत्रपती संभाजीनगर मार्ग जिल्ह्यातून जातात. मध्यरात्री गेलेली गाडी उजाडेपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात असू शकते. म्हणून चोरी झाल्यावर धावण्यापेक्षा गाडी जागेवरून हलविणेच अवघड करणे अधिक शहाणपणाचे आहे.

पहिली गोष्ट : दावे

कोणतेही कुलूप अभेद्य नसते, हे प्रथम मान्य करू. कुलपाचे काम चोरास कायमचे रोखणे हे नसून त्याचा वेळ खाणे हे आहे. दोन मिनिटांचे काम वीस मिनिटांचे झाले आणि त्यात आवाज होऊ लागला, की कुत्री भुंकतात, शेजारी जागे होतात आणि चोर दुसरी वाट धरतो. यासाठी एका मोठ्या कुलपापेक्षा निरनिराळ्या प्रकारचे दोन-तीन अडथळे अधिक चांगले.

येथे एक यांत्रिक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्याच्या अज्ञानामुळे पुष्कळांचा खर्च वाया जातो. पेट्रोलचे इंजिन विजेच्या ठिणगीवर चालते. ठिणगी बंद केली की इंजिन बंद. म्हणून पेट्रोल जीपचा रोटर काढून घेणे किंवा बॅटरीचा प्रवाह तोडणे पुरेसा अडथळा होतो. परंतु जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनाचे तसे नाही. त्यात हवेच्या दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले जाते व ते आपोआप पेटते. विजेची गरज केवळ स्टार्टर फिरविण्यापुरती. अशी गाडी उताराला लावून ढकलली तर बॅटरीवाचूनही सुरू होते, हे प्रत्येक चालकास ठाऊक आहे. चोरासही ठाऊक आहे. तेव्हा डिझेल जीपच्या मालकाने केवळ बॅटरीचा खटका बसवून निर्धास्त राहू नये.

डिझेल गाडीस टाकी व पंप यांच्यामधील नळीवर, चटकन दिसणार नाही अशा जागी, एक तोटी बसवून घ्यावी. रात्री ती बंद केली म्हणजे नळीत उरलेल्या डिझेलवर गाडी थोडे अंतर जाईल आणि थांबेल. मात्र या उपायास दोन अटी आहेत. जोड घट्ट व उत्तम हवा, नाहीतर नळीत हवा शिरते आणि मालकालाच सकाळी हवा काढीत बसावे लागते. आणि तोटी सकाळी उघडण्याची सवय अंगी बाणली पाहिजे. जो मालक आपली तोटी विसरतो, तो आठ दिवसांत ती काढून टाकतो.

बॅटरीचा प्रवाह तोडणारा खटका बसवायचा असेल तर तो जाड व चांगल्या प्रतीचा घ्यावा. डिझेल इंजिनाचा स्टार्टर फिरताना त्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह जातो. हलका खटका तापून वितळतो व आगीचे कारण होतो. त्याची काढता येणारी मूठ रात्री घरात न्यावी. कोणताही गुप्त खटका चालत्या गाडीत धक्क्याने बंद पडेल अशा रीतीने बसवू नये. घाटात इंजिन बंद पडणे हे चोरीहून वाईट.

साखळीचे महत्त्व आम्हास सर्वांत अधिक वाटते, आणि त्यामागे एक कारण आहे. पुष्कळ चालक गाडी गिअरमध्ये टाकून ठेवतात व ती हलणार नाही असे समजतात. चार चाकांच्या बळाच्या जीपला गिअरच्या दांडीखेरीज आणखी एक लहान दांडी असते. ती मधल्या स्थितीत आणली की इंजिन व गिअरपेटी यांचा चाकांशी संबंध तुटतो, आणि गिअरमध्ये ठेवलेली गाडीही दोन माणसे ढकलून नेतात. म्हणून चाकास किंवा सांगाड्यास बांधणारी साखळीच खरे दावे होय. अंगणात सिमेंट-काँक्रीटमध्ये एक जाड कडी पुरून घ्यावी. चांगल्या पोलादाची साखळी त्या कडीतून काढून गाडीच्या सांगाड्यात अथवा चाकाच्या छिद्रातून ओवावी. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नये, कारण जमिनीच्या आधाराने ते हातोड्याने सहज फोडता येते. दुसरी लहान साखळी स्टिअरिंगचे चाक आणि क्लचचे पायदान यांना एकत्र बांधील. या दोन्हींचा मिळून खर्च एका चांगल्या टायरपेक्षा कमीच येतो.

गाडी उभी करण्याची रीतही महत्त्वाची. तोंड भिंतीकडे करावे, पुढची चाके वळवून ठेवावी, आणि मागे ट्रॅक्टर, ट्रॉली अथवा बैलगाडी आडवी लावावी. ती शक्य तो घरातून दिसेल अशा जागी असावी. शेतातील खळ्यावर किंवा रस्त्याकडेच्या झाडाखाली रात्रभर सोडू नये. सोयाबीनच्या काढणीत दिवसभर राबून सर्वजण गाढ झोपतात. लग्नसराईत घर रिकामे असते. रामनवमीस पोहरादेवीची यात्रा किंवा आठवड्याचा बाजार असला की गर्दीत कोण कोणाच्या गाडीशी आहे हे कळत नाही. याच वेळी विशेष जपले पाहिजे.

स्टेपनीला किल्लीचा नट, टाकीच्या झाकणाला कुलूप आणि बॅटरीवर लोखंडी पट्टी, हे तीन किरकोळ उपाय विसरू नयेत. संपूर्ण गाडी नेण्यापेक्षा बॅटरी किंवा डिझेल काढून नेणे सोपे असते. आणि एकदा ते जमले, की तोच माणूस गाडीसाठी पुन्हा येण्याचा संभव असतो.

उपग्रहाच्या साहाय्याने गाडीचा ठिकाणा सांगणारे जी.पी.एस. यंत्र आता पुष्कळ स्वस्त झाले आहे. ते जरूर बसवावे, परंतु त्याच्या मर्यादा ओळखून. ते मोबाइलच्या जाळ्यावर अवलंबून असते. जेथे जाळे नाही तेथे ते मुके होते. फार जुन्या जीपांत वीज १२ ऐवजी ६ व्होल्टची असते, तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी ते आपल्या गाडीस चालेल की नाही ते विचारून घ्यावे. उभ्या गाडीची बॅटरी ते हळूहळू खाते, आणि त्याच्या सिमकार्डाची मुदत संपली की ते निरुपयोगी होते. हे यंत्र दाव्याची जागा घेऊ शकत नाही. दावे तुटल्यावर कोणत्या दिशेस धावायचे एवढे ते सांगते.

दुसरी गोष्ट : खूण

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, तिच्याकडे वळू. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली जनावरांच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारला जातो. आपल्या गाईच्या कानात बिल्ला आहे हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु आपल्या जीपचा चेसिस क्रमांक गाडीच्या कोणत्या भागावर कोरलेला आहे, असे विचारले तर किती मालक सांगू शकतील? पाटीवरचा नोंदणी क्रमांक सर्वांना पाठ असतो. पण चोर पहिली गोष्ट करतो ती पाटी फेकून देण्याची. मग गाडीची ओळख पटविणारे दोनच क्रमांक उरतात : सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा.

जुन्या गाडीत हे क्रमांक गंज, चिखल व रंगाच्या थरांखाली बुजलेले असतात. मिस्त्रीस घेऊन एक दिवस ते शोधावेत. तारेच्या ब्रशाने जागा साफ करावी. कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवावी, म्हणजे अंकांचा ठसा कागदावर उतरतो. मोबाइलवर छायाचित्रही घ्यावे. मग ते दोन्ही क्रमांक नोंदणीपुस्तकातील क्रमांकांशी ताडून पाहावेत.

येथे पुष्कळांना धक्का बसतो. जुन्या जीपांची इंजिने बदललेली असतात. मूळचे इंजिन थकले की दुसऱ्या गाडीचे बसविले जाते. पण परिवहन कार्यालयात त्याची नोंद होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीतील तपशील बदलणारा फेरफार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने आणि नोंदणीपुस्तकात नोंद करूनच करावा लागतो. ती नोंद नसेल तर चोरी झाल्यावर खरा मालकच संशयात सापडतो. "तुमच्या कागदावर एक क्रमांक, सापडलेल्या गाडीवर दुसरा, मग ही गाडी तुमची कशावरून?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नसते. म्हणून इंजिन बदलले असल्यास त्याच्या खरेदीची पावती शोधावी आणि नोंद दुरुस्त करून घ्यावी. उशीर झाला असला तरी चोरी होण्यापूर्वी केलेली दुरुस्ती ही वेळेवर केलेली दुरुस्तीच समजावी.

याखेरीज स्वतःच्या काही खुणा कराव्यात. आसनाखाली, डॅशबोर्डच्या आत, बॅटरीच्या पेटीवर, स्टेपनीच्या रिमवर नोंदणी क्रमांक कोरावा. गाडीतील जुन्या वेल्डिंगचे सांधे, वाकलेला पत्रा, वेगळा बसविलेला दिवा यांची छायाचित्रे ठेवावीत. बैल ओळखताना आपण शिंगाची वळणे व कपाळावरचा टिळा सांगतो, तसेच हे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही महाराष्ट्रात आता उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविणे आवश्यक केले आहे. तिच्यावरील अंक व खूण सहज बदलता येत नाहीत आणि तिचे टाच-कुलूप एकदा काढले की पुन्हा वापरता येत नाही. ती पाटी बसवून घ्यावी, परंतु ती ओळखीचे साधन आहे, गाडीचे कुलूप नव्हे, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट : दाखला

बैलबाजारात बैल विकला की पावती फाडली जाते. त्या पावतीवाचून बैल घेऊन निघालेल्या माणसास वाटेत कोणीही हटकू शकते. आणि जीपगाडी? ती चहाच्या दुकानात, दोन साक्षीदारांच्या देखत, कोऱ्या कागदावर सह्या करून विकली जाते. तीन हात बदलले तरी नोंदणीपुस्तकावर नाव पहिल्याचेच राहते. आपल्या जिल्ह्यात एम.एच. ३७ ऐवजी अकोल्याच्या एम.एच. ३० क्रमांकाच्या जुन्या गाड्या अजून दिसतात. तो क्रमांक असण्यात काही गैर नाही. परंतु त्यामागील नाव कोणाचे आहे, हा खरा प्रश्न आहे.

कायदा स्पष्ट आहे. एकाच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे लागते. यात घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्याचाही स्वार्थ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा निर्णय दिला, की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी मधल्या काळात कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. तेव्हा "विकली, सुटलो" असे समजणारा शेतकरी सुटलेला नसतो.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. विम्याच्या बाबतीत तर फारच गैरसमज आहे. कायद्याने सक्तीचा असलेला विमा हा तिसऱ्या पक्षासाठी असतो. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्यास झालेल्या हानीसाठी. आपली गाडी चोरीस गेली तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. चोरीचा धोका पत्करणारा विमा वेगळा घ्यावा लागतो. ५ वर्षांहून जुन्या गाडीची विम्याची किंमत कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते, आणि फार जुन्या गाडीस असा विमा मिळणे अवघड जाते. तरीही विचारून पाहावे. न विचारताच नकार गृहीत धरू नये.

दाखल्याचा दुसरा अर्थ अधिक कटू आहे, पण तो सांगितलाच पाहिजे. चोरीची गाडी रात्री कोणीतरी खोलतो आणि तिचे भाग कोणीतरी विकत घेतो. तो विकत घेणारा पुष्कळदा तुमच्या-आमच्यासारखाच शेतकरी असतो. अर्ध्या किमतीत गिअरपेटी मिळते, पावती मागितली की विकणारा हसतो, आणि आपणही हसून पैसे मोजतो. त्या क्षणी पुढची चोरी आपण ठरवून टाकलेली असते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी शेजाऱ्याचे दावे सोडणाऱ्यास पैसे देणे हे शेतकऱ्यास शोभत नाही. सुटा भाग पावतीवाचून घ्यावयाचा नाही, एवढा एक नियम गावाने पाळला तर त्याचा उपयोग शंभर कुलपांहून अधिक होईल.

गाडी गेलीच तर

सर्व काळजी घेऊनही गाडी गेली, तर पहिला तास मोलाचा असतो. नातेवाइकांसह चारी दिशांना दुचाकी पळविण्याआधी ११२ या क्रमांकावर कळवावे आणि पोलीस पाटलास उठवावे. गाडी होती त्या जागेवरील चाकांचे ठसे व तुटलेली साखळी पायाखाली तुडवू नये. मग पोलीस ठाण्यात जाऊन प्रथम खबर नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, चोरी कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत झालेली असो, जवळच्या ठाण्यात खबर देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर दिल्यास तिच्यावर तीन दिवसांत सही करावी लागते. ठाण्यात नोंद नाकारली गेल्यास तीच हकीकत लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते.

खबर देताना चेसिस व इंजिन क्रमांकांचा ठसा, छायाचित्रे आणि खुणांची यादी बरोबर द्यावी. ज्याच्याजवळ हे आहे, त्याची तक्रार एका तासात राज्यभर पाठविता येते. ज्याच्याजवळ नाही, त्याचा पहिला आठवडा कागद शोधण्यातच जातो. त्याच दिवशी परिवहन कार्यालयास लेखी कळवावे, म्हणजे त्या गाडीचे नाव परस्पर बदलले जाणार नाही. चोरीचा विमा असल्यास कंपनीसही लगेच कळवावे. पोलिसांत तत्काळ खबर दिली असेल तर कंपनीस कळविण्यास उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. तथापि न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा एक पत्र वेळेवर टाकणे सोपे.

कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना काहीजण म्हणतील, की गाड्यांची राखण हे पोलिसांचे काम, शेती विस्ताराचे नव्हे. हा आक्षेप आम्हास मान्य नाही. बीजप्रक्रिया सांगणारा कार्यकर्ता शेतकऱ्याचे बियाणे वाचवितो. फवारणीची काळजी सांगणारा त्याचा जीव वाचवितो. मग ज्या साधनावर पेरणी व वाहतूक अवलंबून आहे, त्याच्या राखणीविषयी दोन शब्द बोलणे हे विस्तारकार्यच होय. त्यासाठी स्वतंत्र योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पेरणीपूर्व बैठकीत यंत्रांच्या देखभालीचा विषय निघतो, त्यातच हे यावे. गावातील एका मिस्त्रीस बोलावून एका गाडीचा क्रमांक सर्वांसमक्ष शोधून दाखवावा. एकदा डोळ्यांनी पाहिले की माणूस घरी जाऊन स्वतः शोधतो. ही माहिती मात्र कोणाच्या वहीत गोळा करू नये. ती मालकाजवळ आणि त्याच्या विश्वासातील एका नातेवाइकाजवळ असली म्हणजे पुरे. कागद अपुरे असलेल्या शेतकऱ्यास दटावू नये. तो घाबरला की ते अधिकच लपवून ठेवील. त्यास परिवहन कार्यालयाची वाट दाखवावी आणि दलालावाचून अर्ज भरण्यास साहाय्य करावे.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. दसऱ्यास आपण घरोघर वाहने धुतो, झेंडूच्या माळा घालतो, कुंकू लावतो. त्याच दिवशी नारळ फोडण्यापूर्वी गाडीचे कागद बाहेर काढावेत, चेसिस क्रमांकाची जागा पुसून अंक वाचावेत, ते नोंदणीपुस्तकाशी ताडावेत, विम्याची तारीख पाहावी आणि साखळीच्या कुलपात तेलाचे दोन थेंब सोडावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. घरातील मुलांना जवळ बसवून हे केले, तर जी सवय आपल्याला गोठ्याविषयी वाडवडिलांकडून मिळाली, ती अंगणातल्या गाडीविषयी पुढच्या पिढीस आपल्याकडून मिळेल. आणि ज्या रात्री आपण घरी नसू, त्या रात्रीही निजण्यापूर्वी घरातील कोणीतरी दाराबाहेर जाऊन साखळीस हात लावून येईल.